शिक्षिका आजीचें ऋण



धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर महागुरुस्वामींचीं व धर्मगुरूंचीं छायाचित्रें येतात, मंदिराच्या कोनशिलेची तारीख येते, देणगीदारांची यादी येते. तें योग्यच आहे. परंतु ज्या बाईनें त्या देणगीदारास सही करावयास शिकविलें, तिचें नांव तेथें बहुधा नसतें. हा दोष मी दुसऱ्या कोणास देत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान धर्मग्रामाचा इतिहास मींच लिहून काढला. त्यांत धर्मगुरूंचीं सर्व नांवें क्रमवार दिलीं, घंटेचें वजनहि नोंदविलें. मात्र शाळेंतील एकाहि शिक्षिकेचें नांव लिहिलें नाहीं. आणि मी स्वतः एका शिक्षिकेचा नातू!

माझी आजी मावळांतील एका मराठी शाळेंत शिकवीत असे. निवृत्त झाल्यावरहि तिची शाळा सुटली नाहीं. आपल्या घाटमाथ्यावरील पाऊस आठ आठ दिवस उघडत नाहीं, तेव्हां शेजारच्या शेतकऱ्यांचीं मुलें तिच्या ओसरीवर येऊन बसत. त्यांत ख्रिस्ती कोण व हिंदु कोण, हें तिनें कधीं विचारलें नाहीं. सायंकाळीं जपमाळ झाली कीं ती माझी पाटी तपाशी. अक्षर चुकलें तर रागें भरत नसे. ओलें बोट फिरवून तें पुशी आणि “पुन्हां काढ, बाळा” एवढेंच म्हणे. पुढें सेमिनरींत मी तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरविद्या शिकलों. परंतु चुकलेल्या माणसाशीं कसें वागावें, हें मी त्या ओसरीवरच शिकलों.

अशा शिक्षिकांची परंपरा आपल्या पुणें जिल्ह्यांत जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढून ही वाट मोकळी केली. त्या वेळीं आपल्या घाटांत आगगाडी नव्हती. १८५८ सालीं पुण्याकडून लोहमार्ग खंडाळ्यापर्यंत आला, पण खालीं खोपोलीपर्यंतची उतरण प्रवाशांस पालखींतून अथवा तट्टावरून करावी लागे. घाटाचें काम घेतलेले इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं येथें येतांच आजारी पडून वारले. त्यांची विधवा ॲलिस यांनीं तें कंत्राट सोडलें नाहीं. दोघां अभियंत्यांच्या साह्यानें काम पुढें चालूं ठेविलें, आणि १८६३ सालीं घाट आगगाडीस खुला झाला. पतीच्या मागें हातचें काम न टाकणाऱ्या स्त्रियांची ही भूमि आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुण्यांत अशीच एक शिक्षिका होऊन गेली. तिचें नांव फ्रान्सिना सोराबजी. त्या कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन पंथाच्या होत्या. परंतु ऋण मानतांना पंथ विचारावयाचा नसतो. लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज बाईंनीं त्यांस मुलीप्रमाणें वाढविलें. त्यांचे पति सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले पाद्री. १८७६ सालीं फ्रान्सिनाबाईंनीं पुण्यांत व्हिक्टोरिया हायस्कूल काढलें. निरनिराळ्या धर्मांचीं व समाजांचीं मुलेंमुली तेथें एकत्र शिकत, आणि ही गोष्ट त्या काळीं सोपी नव्हती. याशिवाय मराठी, गुजराती व उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं वेगळ्या शाळा चालविल्या, कारण मुलाला प्रथम त्याच्या घरच्या भाषेंत भेटावें, हें त्यांस उमगलें होतें. १८८२ सालीं सर विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली. १८९४ सालीं पति निवर्तले. तरी त्यांनीं शाळेचें काम टाकलें नाहीं. १९०६ सालीं त्या निवृत्त होऊन नाशिकास गेल्या व तेथेंच १९१० सालीं प्रभूच्या घरीं गेल्या.

त्यांनीं आपल्या मुलींनाहि मागें ठेविलें नाहीं. लेडी फोर्ड यांचें नांव धारण करणारी कन्या कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजांत शिकून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली आणि १८८९ सालीं विलायतेस गेली. १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. परंतु स्त्री म्हणून पदवी हातीं पडावयास १९२२ साल उजाडावें लागलें. दुसरी कन्या सूझी हिनें पुण्यांत सेंट हेलेना शाळा स्थापिली. तिसरी, ॲलिस, डॉक्टर होऊन वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथें रुग्णसेवेस गेली.

या बाईंचे नातू रिचर्ड सोराबजी हे ॲरिस्टॉटलच्या प्राचीन भाष्यकारांचे नामांकित अभ्यासक. २०१० सालीं त्यांनीं आपली आत्या कॉर्नेलिया हिचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांचा जन्म १९३४ चा, म्हणजे आजीच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनीं. आजीचें मुखहि न पाहिलेल्या नातवापर्यंत तिची विद्या पोहोंचली. घर, शेत, दागिने यांच्या वांटण्या होतात आणि प्रत्येक पिढींत वांटा लहान होत जातो. विद्येचें तसें नाहीं.

फ्रान्सिनाबाईंचें नांव राहिलें, कारण त्यांच्या मुलींना लेखणी धरतां येत होती व त्यांनीं आईबद्दल लिहिलें. आपल्या मावळांतील शिक्षिकांनीं शेंकडों हातांत लेखणी दिली. त्यांतील एकहि हात त्यांच्याबद्दल लिहावयास उठला नाहीं. माझाहि उठला नाहीं.

म्हणून माझी एक विनंति आहे. आपल्या घरांत कोणी आजी, मावशी अथवा आत्या शिक्षिका असेल किंवा होऊन गेली असेल, तर तिचें नांव, शाळेचें गांव व शिकविल्याचीं वर्षें एका कागदावर लिहून महोत्सवाच्या समारोपाच्या मिस्सेपूर्वीं मजकडे आणून द्यावीं. ज्या बाईपाशीं आपण शिकलों ती परधर्मीय असेल, तर तिचेंहि नांव अवश्य द्यावें. हे कागद अर्पणाच्या वेळीं भाकर व द्राक्षारस यांबरोबर वेदीपाशीं आणले जातील आणि नंतर धर्मग्रामाच्या दप्तरांत जपून ठेविले जातील. पहिला कागद मीं आजच लिहिला आहे; त्यावर माझ्या आजीचें नांव आहे.

त्या सर्व शिक्षिकांना प्रभु चिरशांति देवो, आणि ज्या हयात आहेत त्यांच्या ओसऱ्या मुलांनीं भरलेल्या राहोत.