जननेंद्रियांवरील चामखीळ आणि इतर लैंगिक संसर्ग

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना आपल्याकडे सरसकट ‘गुप्तरोग’ म्हटले जाते आणि रुग्णही ते गुप्तच ठेवतात. जननेंद्रियांवरील चामखीळ हा त्यांपैकी सर्रास आढळणारा आजार आहे. तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. सुमारे ९० टक्के चामखिळींना या विषाणूचे ६ व ११ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रामुख्याने कारणीभूत ठरणारे १६ व १८ हे प्रकार वेगळे आहेत. त्यामुळे चामखीळ म्हणजे कर्करोगाची सुरुवात, ही भीती अनाठायी आहे. मात्र एकाच व्यक्तीस दोन्ही प्रकारांचा संसर्ग असू शकतो. म्हणून स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी टाळू नये.

या चामखिळी बहुधा दुखत नाहीत. एकेकट्या किंवा फुलकोबीसारख्या पुंजक्याने त्या जननेंद्रियांवर वा गुदद्वाराभोवती उगवतात. संसर्ग झाल्यापासून त्या दिसू लागेपर्यंत काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लोटतात. संसर्ग झालेल्या अनेकांना तर त्या कधीच होत नाहीत. हा मुद्दा केवळ वैद्यकीय नाही. पती किंवा पत्नीस आज चामखीळ दिसली, तर संसर्ग कोणाकडून व केव्हा आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो विवाहापूर्वीचाही असू शकतो. केवळ या खुणेवरून जोडीदाराच्या चारित्र्यावर संशय घेणे शास्त्राला धरून नाही.

उपचारांत मलम, अतिशीत द्रव किंवा विद्युतदहन यांचा वापर होतो. त्यांनी चामखीळ जाते, पण विषाणू नष्ट होतोच असे नाही, म्हणून ती पुन्हा उद्भवू शकते. हातापायांच्या चामखिळीचे औषध येथे लावल्यास नाजूक त्वचा भाजते. पोडोफायलिनसारखी औषधे गर्भवतींना वर्ज्य आहेत.

प्रत्येक उंचवटा ही चामखीळच असते असेही नाही. उपदंशाच्या, म्हणजे गरमीच्या, दुसऱ्या अवस्थेत अशाच चपट्या, ओलसर गाठी येतात. उपदंश पेनिसिलिनने बरा होतो. दुर्लक्ष केल्यास मेंदू व हृदयापर्यंत पोहोचतो आणि गर्भवतीकडून बाळालाही होतो. म्हणून रक्ततपासणी आवश्यक ठरते. सोबत एचआयव्ही चाचणीही करावी. परमा व क्लॅमिडिया हे संसर्ग स्त्रियांमध्ये अनेकदा लक्षणांविना राहून पुढे वंध्यत्वास कारण ठरतात. त्यांवर प्रतिजैविके आहेत, परंतु जोडीदारानेही उपचार न घेतल्यास संसर्ग परत येतो.

निरोधाने धोका घटतो. पण झाकल्या न जाणाऱ्या त्वचेच्या स्पर्शातून चामखिळीचा विषाणू पसरू शकतो. त्यावर लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास ती सर्वाधिक उपयुक्त ठरते; आधीच झालेल्या चामखिळीवर तिचा उपयोग नाही.

शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर सल्ला व उपचार मिळतात. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरही माहिती घेता येते.