पोखरणचं बिल तारापूरला आलं

११ मे आला की पोखरणच्या पोस्ट फिरू लागतात. अभिमान मलाही आहे. पण त्या स्फोटांचं बिल कुणी आणि किती वर्षं भरलं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा हिशेब.

सुरुवात आपल्या ट्रॉम्बेपासून. कॅनडाने दिलेली सायरस अणुभट्टी तिथे १९६० साली सुरू झाली. जड पाणी अमेरिकेचं. अट अशी की वापर फक्त शांततेच्या कामासाठी. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली आणि दिल्लीतलं वारं बदललं. १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम याच सायरसमधलं. सरकारने त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटलं. जगाला काही ते पटलं नाही.

कॅनडाने मदत थांबवली. रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी अर्धवट राहिली होती, ती आपल्याच लोकांनी पूर्ण केली, पण १९८१ उजाडलं. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी गट करून नियम आवळले. तारापूरला इंधन देण्याचा अमेरिकेचा करार १९६३ चा, चांगला ३० वर्षांचा. पण १९७८ मध्ये तिथला कायदा बदलला आणि इंधन अडलं. मग फ्रान्सची मनधरणी. नव्वदच्या दशकात तर चीनकडून इंधन घ्यावं लागलं. होय, त्याच चीनकडून!

क्षेपणास्त्रांचंही तेच. १९८३ मध्ये कलामांच्या नेतृत्वाखाली कार्यक्रम सुरू झाला, १९८८ ला 'पृथ्वी' उडालं आणि २२ मे १९८९ ला चांदीपूरहून 'अग्नी'. तोवर सात बड्या देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर पहारा बसवला होता. त्याच नियमांवर बोट ठेवून १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. रशियाने तयार क्रायोजेनिक इंजिनं दिली, तंत्रज्ञान मात्र दिलं नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी व्हायला जानेवारी २०१४ उजाडला.

१९९८ ला ११ आणि १३ मे मिळून पाच स्फोट, पुन्हा निर्बंध, आणि महिना संपायच्या आत पाकिस्तानचेही स्फोट. आपण मात्र लगेच स्वतःहून चाचणीबंदी जाहीर केली. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये त्या पुरवठादार गटाने आपल्याला सूट दिली, तेव्हा याच शब्दाचा आधार घेतला. १९७४ ते २००८, म्हणजे ३४ वर्षं!

मग चाचण्या करायलाच नको होत्या का? मला तसं वाटत नाही. शेजाऱ्याकडे बाँब असताना हात बांधून बसणं परवडणारं नव्हतं. पण हल्ली जरा तणाव वाढला की 'अजून एक फोडून दाखवा' म्हणणारे दिसतात. मंडळी, परदेशी युरेनियमवर आज आपल्या कितीतरी अणुभट्ट्या चालतात, आणि ते युरेनियम आपण पाळलेल्या शब्दावर येतं. नवा स्फोट मागण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवा.