वऱ्हाड आणि बेरार : एक नाव, अनेक प्रदेश

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या प्रदेशाला आज वऱ्हाड म्हटले जाते. फारसी आणि इंग्रजी कागदपत्रांत हाच प्रदेश 'बरार' किंवा 'बेरार' या नावाने येतो. तथापि, जुन्या लेखनात हे नाव आढळले म्हणजे आजचेच पाच जिल्हे अभिप्रेत आहेत, असे मानल्यास इतिहासाच्या अभ्यासकाची व घराण्याचा पूर्ववृत्तांत शोधणाऱ्याची दिशाभूल होते.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. अबुल फजल याने 'ऐन-ए-अकबरी'त या सुभ्याचे मूळ नाव 'वरदातट', म्हणजे वर्धा नदीचा काठ, असे दिले आहे. लोकपरंपरा मात्र हे नाव रुक्मिणीच्या विवाहाशी आणि लग्नाच्या 'वऱ्हाडा'शी जोडते. तिचे माहेर मानले गेलेले कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात वर्धेच्याच काठी आहे. 'विदर्भ' हे नाव याहून प्राचीन. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाची दोन भावांत वाटणी होते, तीही वरदा नदी सीमा मानून.

इ.स. १४९० च्या सुमारास इमादशाहीचा उदय झाला आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे तिचे प्रमुख ठाणे बनले. १५७४ मध्ये हे राज्य अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाले व १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. मोगल सुभ्यात गाविलगड व नरनाळ्याबरोबरच पवनार, खेरला, माहूर आणि पाथरी या सरकारांचाही समावेश होता. आजच्या हिशेबाने ही ठिकाणे अनुक्रमे वर्धा, बैतूल, नांदेड व परभणी जिल्ह्यांत येतात.

सर्वांत मोठा घोटाळा 'बेरारचा राजा' या शब्दप्रयोगाने होतो. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ही उपाधी नागपूरच्या भोसल्यांना उद्देशून येते. त्यांची गादी नागपूरला होती आणि वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल चालत असे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तो निजामाला मिळाला. त्यामुळे त्या काळातील 'बेरारच्या राजा'चे वृत्त शोधताना अमरावतीऐवजी नागपूरकडे पाहावे लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. पुढे प्रशासनासाठी 'पूर्व बेरार' आणि 'पश्चिम बेरार' असे भाग पडले. पहिल्याचे मुख्य ठाणे अमरावती, तर दुसऱ्याचे अकोला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये हा भाग मध्य प्रांताला जोडण्यात आला. तरीही निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते. १९३६ च्या करारानंतर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. पदवी बेरारची, पण युवराज हैदराबादचा!

आडनावांबाबतही अशीच सावधगिरी हवी. अकोटकर, बाळापूरकर यांसारखी आडनावे विशिष्ट गावाकडे बोट दाखवितात. वऱ्हाडे किंवा वऱ्हाडपांडे या आडनावांत मात्र संपूर्ण प्रांताचे नाव आहे. त्यातील 'पांडे' हा शब्द हिशेब व दप्तर राखणाऱ्या वतनाचा निदर्शक होय. अशा आडनावावरून मूळ गाव ठरविता येत नाही. त्यासाठी वतनाचे व जमिनीचे कागद पाहणे आवश्यक ठरते.

सारांश, 'वऱ्हाड' किंवा 'बेरार' हा शब्द वाचताना लेखनाचे वर्ष, भाषा आणि लिहिणारी सत्ता या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. नकाशा त्यानंतर उघडावा.