जीप गाडीची जन्मकथा

दुसऱ्या महायुद्धांत जीप गाडीनें बहुतेक सर्व रणांगणें पालथीं घातलीं. तिच्या योगानें विलीज व फोर्ड या कंपन्यांचीं नांवें सर्वतोमुखीं झालीं. परंतु जिनें ती प्रथम घडविली, ती कंपनी मात्र विस्मृतींत गेली.

१९४० च्या जुलैंत, फ्रान्सचा पाडाव झाल्यावर, अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांस आवाहन केलें. टेहळणीसाठीं हलकी गाडी हवी होती. अटी कडक होत्या: वजन सुमारें १३०० पौंड, भार वाहण्याची शक्ति ६०० पौंड, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत! या आवाहनास उत्तर आलें तें अवघ्या दोघांकडून: ओहायओ संस्थानांतील विलीज-ओव्हरलँड व पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवची अमेरिकन बँटम.

बँटम त्या वेळीं डबघाईस आलेली होती. तिनें डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास पाचारण केलें. १७ जुलैला तो बटलरला पोंचला आणि दोन दिवसांत त्यानें आराखडा पुरा केला. त्या काळच्या सामान्य मोटारींत एंजिनाची शक्ति केवळ मागील चाकांस मिळे. तीं चिखलांत रुतलीं कीं गाडी थांबलीच. येथें पुढील आंसासहि शक्ति मिळण्याची सोय होती, म्हणून मागचीं चाकें निसटूं लागलीं तरी पुढचीं गाडीस ओढून काढीत. सडकेवर एक तरफ फिरवून पुढील चाकांची गति तोडतां येई. २३ सप्टेंबरला, मुदत संपण्यास सुमारें अर्धा तास असतां, ही गाडी मेरिलंडमधील होलाबर्ड छावणींत दाखल झाली.

गाडी पसंत पडली. पण एवढ्या लहान कारखान्यास मोठी मागणी पेलवेल, असें सैन्यास वाटेना. म्हणून बँटमचा नमुना विलीज व फोर्ड यांस दाखविण्यांत आला. विलीजनें तिला ६० अश्वशक्तीचें बळकट एंजिन दिलें. सपाट तोंडवळा फोर्डच्या नमुन्यावरून आला. १९४१ मध्यें मोठें कंत्राट विलीजला मिळालें व पुढें फोर्डहि त्याच गाड्या बांधूं लागला. दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. बँटमच्या गाड्या तीन हजारांहूनहि कमी. तिच्या वाट्याला मुख्यत्वें जीपमागें जोडावयाच्या ट्रेलरांचें काम आलें.

मग जीपचा जनक कोण? विलीजनें जाहिरातींतून तो मान स्वतःकडे घेतला, तेव्हां अमेरिकेच्या व्यापार आयोगानें चौकशी केली. ही कल्पना बँटमनें सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या सहकार्यानें साकार केली, असा निर्णय आयोगानें १९४८ सालीं दिला. तथापि १९५० मध्यें 'जीप' या व्यापारचिन्हाची नोंद झाली ती विलीजच्याच नांवानें. मुंबईंत महिंद्र कंपनीनें जोडलेल्या गाड्याहि विलीजच्याच होत्या.

बँटमला न्याय मिळाला खरा. पण तोंवर तिची गाडी दुसऱ्यांच्या नांवानें जगभर पोंचली होती.