साखर कमी झाल्याचं मेंदूला नेमकं कुठे कळतं?

निरोगी माणसाच्या रक्तातली साखर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतं. घाम, थरथर, धडधड ही लक्षणं त्यानंतर, ५०-५५ च्या आसपास येतात. म्हणजे माणसाला जाणवायच्या आधीच शरीरात कुठेतरी ते कळलेलं असतं. कुठे? बहुतेक नोट्समध्ये एका शब्दात उत्तर असतं: हायपोथॅलॅमस. परीक्षेत त्याला मार्कही मिळतात. पण हा शब्द कुठून आला ते पाहिलं, तर प्रयोगाची रचना उत्तर कसं ठरवते ते दिसतं.

सुरुवात १८४९ची, पॅरिसमधली. क्लोद बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या मागच्या भागात, चौथ्या पोकळीच्या तळाशी सुई टोचली आणि सशाच्या लघवीत साखर उतरली. व्हेगस नर्व्हमधून हा निरोप यकृताकडे जात असेल, असा त्यांचा अंदाज होता. ती नर्व्ह कापली, तरी साखर येतच राहिली. रस्ता दुसराच निघाला, मज्जारज्जूतून जाणारा. मेंदू साखर वाढवू शकतो एवढं यातून सिद्ध झालं. मेंदू साखर मोजतो का, हा प्रश्न मात्र इथे नव्हताच.

तो विचारायला आधी साखर हवी तेव्हा खाली आणता यायला हवी होती, आणि ते साधन इन्सुलिनने दिलं. टोरांटोत १९२२च्या सुमारास इन्सुलिन टोचलेल्या सशांना आकडी यायची आणि ग्लुकोज दिलं की ते सावरायचे. मग १९२४मध्ये वॉल्टर कॅनन आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या हृदयाच्या सगळ्या नर्व्ह कापून त्याला इन्सुलिन दिलं. साखर घसरली तशी हृदयाची गती वाढली. नर्व्ह नसलेल्या हृदयाला निरोप रक्तातूनच मिळणार, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन! मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून हृदयालाच यंत्र केलं. मला हा प्रयोग फार आवडतो.

पुढे लक्ष भुकेकडे आणि हायपोथॅलॅमसकडे वळलं. १९५१मध्ये आपले बी. के. आनंद आणि अमेरिकेतले जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा भाग नष्ट केला, तर उंदरांनी खाणंच सोडलं. १९५३मध्ये जाँ मेयर यांनी मांडलं की मेंदूतल्या काही पेशी ग्लुकोजचा वापर मोजतात आणि त्यावरून भूक ठरते. १९६२मध्ये आनंद यांच्या दिल्लीच्या एम्समधल्या गटाने ग्लुकोज वाढल्यावर हायपोथॅलॅमसमधल्या तृप्तीच्या केंद्राची विद्युत हालचाल वाढते आणि भुकेच्या केंद्राची कमी होते, हे दाखवलं. त्याच सुमारास जपानमध्ये ओमुरा यांनाही तिथे ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. एवढं झाल्यावर हायपोथॅलॅमस हे उत्तर पक्कं वाटणारच.

इथे एक गोम होती. पेशींना उपासमार भासवण्यासाठी ग्लुकोजसारखं दिसणारं पण त्याचा वापर अडवणारं रसायन मेंदूच्या पुढच्या पोकळीत टोचत. उंदीर खाऊ लागे, साखर वाढे, आणि श्रेय पुढच्या भागाला जाई. पण मेंदूतला द्रव पुढून मागे वाहतो! टोचलेलं औषध थोड्या वेळात बर्नार यांच्या त्या चौथ्या पोकळीत पोहोचणारच. १९७९मध्ये डिरॉको आणि ग्रिल यांनी मेंदूचा पुढचा भाग तोडलेल्या उंदरांतही अशा रसायनाने साखर वाढते हे दाखवलं होतं. १९८१मध्ये रिटर, स्लसर आणि स्टोन यांनी आणखी साधी गोष्ट केली: दोन्ही पोकळ्यांमधल्या अरुंद नळीत सिलिकॉन ग्रीसचं बूच बसवलं. आता पुढे टोचलं तर पूर्वीसारखा परिणाम होईना. मागे टोचलं तर भूक आणि साखर दोन्ही वाढत. एका बुचाने तीस वर्षांच्या समजाला धक्का दिला.

मग हायपोथॅलॅमस बाद? तसंही नाही. नव्वदच्या दशकात येलमध्ये बोर्ग, शेरविन आणि सहकाऱ्यांनी पोकळीत न टोचता थेट हायपोथॅलॅमसच्या आतल्या-खालच्या भागात तसलंच रसायन सोडलं, तेव्हा ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन वाढलं. १९९७मध्ये उलट बाजूही तपासली: शरीरात साखर कमी ठेवून फक्त त्या जागी ग्लुकोज पुरवलं, तर प्रतिसाद दबला. यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतही सेन्सर आहेत. थोडक्यात, पहारेकरी एक नाही.

आणि हे पहारेकरी सवयीने ढिलेही पडतात. १९९१मध्ये हेलर आणि क्रायर यांनी निरोगी माणसांची साखर एका दुपारी मुद्दाम उतरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवल्यावर हार्मोन्स आणि लक्षणं दोन्ही कमी आली. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर वारंवार उतरत असेल, तर घाम-थरथर न होताच थेट शुद्ध हरपण्याची वेळ येते ती यामुळेच. काही आठवडे साखर कटाक्षाने खाली जाऊ दिली नाही, तर ही जाणीव बऱ्याच जणांत परत येते. ती येते तेव्हा यांपैकी कुठल्या पेशी पूर्ववत होतात, यावर आजही प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे.