गदगा आणि फरी

विदर्भातल्या कचारगडच्या पायथ्याशी मी पोरांना फरी-गदगा शिकवतो. गदगा म्हणजे तलवारीऐवजी हातात धरायची, चामड्याने मढवलेली काठी. फरी ही डाव्या हातातली छोटी ढाल. पुढचा पाय सरकतो, मनगट वळतं, त्याच क्षणी फरी डोक्यापुढे यायला हवी. एवढं अंगवळणी पडायला महिने जातात.

विदर्भात अशा देशी खेळांना खरा आधार दिला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. वैद्य बंधूंनी १९१४ साली त्याचा पाया घातला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपले खेळ दाखवले. केवढी ही झेप!

शस्त्रांच्या खेळांपैकी कोल्हापूरने मर्दानी खेळ जपला, पंजाबने गतका, मणिपूरने थांग-ता. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुल्याच्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत गतका आणि थांग-ता दोन्ही होते, पण स्वतंत्र खेळ म्हणून. गतकेवाल्यासमोर आमचा फरीवाला कधी उभा राहणार? कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत अनेक राज्यांतले गोंड बांधव एकत्र येतात. तशी सगळ्या शैलींची, एकाच नियमांची खुली स्पर्धा महाराष्ट्राने भरवावी. सुरुवात विदर्भातून करा. आमची पोरं तयार आहेत.