लेखणी, कॅमेरा आणि कर्ता : फ्रेंच नवलाटेची वाङ्मयीन मुळे

फ्रेंच चित्रपटातील नवलाटेचा इतिहास बहुधा १९५९च्या कान महोत्सवापासून सांगितला जातो. त्या महोत्सवात फ्रान्स्वा त्रुफो यांना ‘ले कात्र साँ कू’ या पहिल्याच दीर्घ चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. आदल्याच वर्षी त्याच महोत्सवाने समीक्षक म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. समीक्षकांच्या एका गटाने प्रथम जुन्या चित्रपटावर हल्ला चढविला आणि नंतर नवा चित्रपट घडविला, अशी ही कथा आहे. ‘दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता’ हे तिचे सूत्र. ‘कर्ता’ ही संकल्पना मात्र वाङ्मयाकडून उसनी घेतलेली होती. या उसनवारीने चित्रपटाला काय दिले आणि त्याच्या इतिहासातून कोणाला दूर ठेवले, हे पाहिल्याशिवाय नवलाटेच्या मुळांचा विचार पूर्ण होत नाही.

या विचाराची पहिली ठळक मांडणी १९४८ मध्ये अलेक्सांद्र आस्त्रुक यांनी ‘लेक्राँ फ्राँसे’ या नियतकालिकातील लेखात केली. आस्त्रुक स्वतः कादंबरीकार होते. चित्रपट आता जत्रेतील करमणूक किंवा रंगभूमीची छाया राहिलेला नसून ती एक भाषा बनत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेखक जसा लेखणीने लिहितो तसा दिग्दर्शक कॅमेऱ्याने लिहील, आणि कादंबरी वा निबंध यांच्याइतकाच अमूर्त विचार पडद्यावर मांडता येईल, ही त्यांची अपेक्षा होती. चित्रपटाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्यांनी योजलेले रूपक लेखनाचे होते, ही बाब अर्थपूर्ण आहे.

जानेवारी १९५४ मध्ये ‘काइए द्यू सिनेमा’च्या ३१व्या अंकात प्रसिद्ध झालेला त्रुफो यांचा लेख पुष्कळदा साहित्याश्रयी चित्रपटावरील हल्ला म्हणून उद्धृत होतो. वस्तुतः त्यांचा आक्षेप निराळा होता. झाँ ओराँश व पिएर बोस्त हे पटकथाकार कादंबरीतील ‘चित्रित न होण्याजोगे’ प्रसंग गाळून त्यांच्या जागी ‘समतुल्य’ प्रसंग रचीत. हे समतुल्य प्रसंग मूळ कलाकृतीशी द्रोह करतात आणि चित्रपटाच्या सामर्थ्याविषयीचा अविश्वासही प्रकट करतात, असे त्रुफो यांचे म्हणणे होते. बेर्नानोस यांच्या कादंबरीवरून रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ मध्ये केलेला ‘खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी’ हा चित्रपट त्यांना प्रतिउदाहरण म्हणून उपलब्ध होता. याच कादंबरीची ओराँश यांनी आधी केलेली पटकथा खुद्द बेर्नानोस यांनी नाकारली होती. तेव्हा ज्या लेखाने पटकथाकाराचे प्रभुत्व मोडून काढले, त्याचा युक्तिवाद मूळ साहित्यकृतीवरील निष्ठेच्या आधारे उभा होता. ‘काइए’चे एक संस्थापक आंद्रे बाझँ यांनीही साहित्य व चित्रपट यांच्या संकराचे समर्थनच केले होते.

परंतु लेखणी आणि कॅमेरा यांतील साम्य एका ठिकाणी संपते. लेखणी स्वस्त असते, कॅमेरा नसतो. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राच्या नियमांनुसार दिग्दर्शकाला व्यावसायिक ओळखपत्र लागे आणि ते सहायक म्हणून दीर्घ उमेदवारी केल्यावर मिळे. ही चौकट प्रथम मोडणारे ‘काइए’च्या गटातील नव्हते. झाँ-पिएर मेलव्हिल यांनी १९४७ मध्ये केंद्राची परवानगी व कामगारसंघटनांची मान्यता यांवाचून ‘ल सिलाँस द ला मेर’चे चित्रण केले. जर्मन अंमलाखाली १९४२ मध्ये गुप्तपणे प्रसिद्ध झालेली व्हेर्कोर यांची ही कथा त्यांनी लेखकाच्याच घरात चित्रित केली. प्रतिकार चळवळीतील परीक्षकांना चित्रपट न पटल्यास मूळ प्रत नष्ट करण्याचेही त्यांनी मान्य केले होते.

१९५४ मध्ये आन्येस वार्दा यांनी ‘ला प्वाँत कुर्त’ चित्रित केला. त्या छायाचित्रकार होत्या. चित्रपट त्यांनी फारसे पाहिलेही नव्हते. सेत येथील कोळीवस्तीचे जीवन आणि एका दांपत्यातील दुरावा हे दोन धागे त्यांनी आलटूनपालटून मांडले. ही रचना त्यांना फॉकनर यांच्या ‘द वाइल्ड पाम्स’वरून सुचली होती. नट आणि तंत्रज्ञ मोबदल्याऐवजी भागीदारीवर काम करीत होते. संकलन आलँ रेने यांनी केले. पुढे जोर्ज सादूल यांनी हाच नवलाटेचा पहिला चित्रपट मानला. तरीही रूढ कथेत वार्दा दीर्घकाळ ‘पूर्वसूरी’ म्हणून एका परिच्छेदापुरत्या उरल्या. कर्तेपणाचा पुरस्कार करणाऱ्या या इतिहासात, सिद्धान्त न मांडता कर्तेपण सिद्ध करणाऱ्या स्त्रीला जागा मिळायला वेळ लागला.

‘काइए’च्या गटाने हा मार्ग नंतर चोखाळला. क्लोद शाब्रोल यांनी पत्नीला मिळालेल्या वारशाच्या पैशांतून सार्दाँ या गावात ‘ल बो सेर्झ’ (१९५८) निर्माण केला. त्याला दर्जाबद्दलचे सरकारी अनुदान लाभले आणि पुढच्या चित्रपटाची सोय झाली. छायाचित्रण आँरी दका यांचे होते. मेलव्हिल यांचा १९४७चा चित्रपट आणि त्रुफो यांचा १९५९चा चित्रपट यांवरही त्यांचाच हात आहे. या सलगतेचा विचार केला तर ‘शैली’ केवळ दिग्दर्शकाची होती असे म्हणणे अवघड होते. १९५९ मध्ये आंद्रे माल्रो यांच्या सांस्कृतिक खात्याने भावी उत्पन्नावर अग्रिम देण्याची योजना सुरू केली. त्यासाठी समितीपुढे पटकथा सादर करावी लागे. पटकथाकाराच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या पिढीच्या काळातच लिखित संहिता ही शासकीय साहाय्याची पूर्वअट बनली, हा विरोधाभास नोंदण्याजोगा आहे.

कर्त्याच्या संकल्पनेचा पुढील प्रवासही याच वळणाचा आहे. १९६० मध्ये गोदार यांच्या ‘आ बू द सूफ्ल’मध्ये मेलव्हिल यांनी एका कादंबरीकाराची छोटी भूमिका केली. १९६८ मध्ये रोलाँ बार्त यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षानंतर स्वतः गोदार झिगा व्हेर्तोव्ह गटाच्या सामूहिक नावाखाली काम करू लागले. साहित्यविचाराने लेखकाचे सिंहासन रिकामे करायला घेतले, तेव्हा चित्रपट दिग्दर्शकाला त्यावर बसवून जेमतेम दशक लोटले होते.

म्हणून कर्त्याची संकल्पना खोटी ठरत नाही. परवाने, श्रेणी आणि प्रस्थापित निर्माते यांच्या व्यवस्थेत नवोदिताला बोलण्याचा अधिकार मागण्यासाठी ती उपयोगी पडली. तिचे ऐतिहासिक कार्य तेच होते. मात्र मागणीसाठी घडविलेले सूत्र इतिहासलेखनाचे सूत्र बनले, की छायाचित्रकार, संकलक, भागीदारीवर राबणारे नट आणि गटाबाहेरचे निर्माते त्यातून गळतात. नवलाटेने समीक्षेची निर्मितिक्षमता निःसंशय सिद्ध केली. तिने कोणाची नावे मागे टाकली याचा हिशेब मांडणे हेही समीक्षेचेच काम आहे.